चहा वहिनीला, रक्त मला

सून घरात येईपर्यंत त्या घराची राणी मी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कशी वागले त्याचं कुणाला नवल वाटायला नको. हिंगणीत बसथांब्यावरून आत वळलं की आमचं किराण्याचं दुकान, दुकानामागे घर आणि घरामागे आंगण. बाबा आणि दादा दुकानात, आई घरात, आणि मी मांजरासारखी दोन्हीकडे. दुकानात गुळाची भेली फोडली की पहिला खडा माझ्या हातावर पडायचा. सकाळी आई भाकरी थापायची त्या आवाजानं मला जाग यायची, आणि पहिल्या भाकरीचा पापुद्रा मी चुलीपाशी येईपर्यंत ती कुणाला देत नसे. दुपारी ती घटकाभर चटईवर पडायची तेव्हा तिच्या पाठीला पाठ लावून मीही पडायची. आठवीत गेलेली घोडी, तरी. शेजारच्या काकू हसायच्या. आई म्हणायची, असू द्या, सासरी गेल्यावर कोण घेते तिले जवळ. मला वाटायचं ही व्यवस्था देवानंच लावून दिली आहे आणि ती अशीच राहणार.

मग दादाचं लग्न झालं आणि नाचणगावची वहिनी आली. गोरी, हडकुळी, बोलणं इतकं हळू की ऐकायला जवळ जावं लागायचं. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. वडील कपडे शिवायचे, आणि ही काकूच्या हाताखाली वाढली. आल्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी उठायची, आंगणात सडा टाकायची, आईला 'मामी' म्हणायची, आणि मी वयानं केवढी लहान, तरी मला 'शालूबाई' आणि 'तुम्ही' म्हणायची. आमच्याकडे नणंदेला तसंच म्हणतात, पण मला त्याचा केवढा तोरा चढला होता. पहिले काही महिने माझं तिच्याशी बरं जमलं, हे मान्य करते. ती माझी वेणी घालून द्यायची, माझ्या वह्यांना कव्हर चढवायची. ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं. भांडले असते आणि मोकळी झाले असते.

बिघडलं ते तिला दिवस गेल्यावर. वर्ध्याच्या दवाखान्याची गाडी महिन्या-दोन महिन्यांनी गावात यायची आणि शाळेच्या ओट्यावर कॅम्प लागायचा. पोटुशा बाया आणि कडेवरची लेकरं रांगेत. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेच्या बारीक नळीत ओढून घ्यायचा आणि दुसऱ्या एका नळीत सोडायचा. तिथे औषधात तो तपकिरी व्हायचा. मग त्यात थेंब थेंब पाणी टाकत जायचं, शेजारच्या काचेच्या रंगाशी रंग जुळेपर्यंत. जेवढं जास्त पाणी मावेल तेवढं रक्त चांगलं. आता काय, परवा माझ्या भाचीच्या लेकराला पिपरी मेघेच्या अंगणवाडीत टोचलं, तर हातावर मावेल एवढ्या मशीननं क्षणात आकडा दाखवला आणि भाचीनं त्याचा फोटो मला मोबाईलवर पाठवला. तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा सगळी रांग माना लांबवून त्या नळीकडे पाहत राहायची, आणि कुणाच्या घरातलं काय ते साऱ्या गावाला तिथल्या तिथे कळायचं. वहिनीच्या नळीत पाणी पडायला लागलं न लागलं तोच रंग फिका झाला. आठ, असं डॉक्टरांनी सांगितलं. रक्त फार कमी आहे म्हणाले, लाल गोळ्या दिल्या, आणि नीट खायला घाला म्हणून आईला बजावलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात फक्त वहिनीचं खाणं उरलं. आईनं डिंकाचे लाडू बांधले, वहिनीसाठी. बाबांनी दुकानातले खजूर काढून दिले, वहिनीसाठी. गुळाची भेली फुटली की पहिला खडा कुणाला, ते विचारूच नका. हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, तुरीच्या सोल्यांची भाजी, जवसाच्या चटणीवर तेलाची धार, जे बरं ते तिच्या ताटात. माझ्या वाट्याला कढईच्या बुडाची अंबाडीची भाजी, जी घरात कुणालाच फारशी आवडत नसे. मी रागानं तीच भाकरीशी पुसून पुसून खायची, आणि शाळेतून येताना वाटेवरची बोरं, आवळे, पेरू दातांखाली फोडत यायची. कुणी विचारलं, एवढं आंबट काऊन खाते, तर मी म्हणायची, घरी मले कोणी खायले देत नाई.

पण लाडवांचा, खजुरांचा मला एवढा जाच नव्हता. जाच होता चहाचा. आमच्या घरात पोरींना चहा नव्हता. चहा पिला की पोरगी काळी होते, असं आईचं पक्कं मत, आणि मी आधीच बाबांच्या रंगावर गेलेली. वहिनीला मात्र चहा, आणि तो कसला. त्या लाल गोळीनं तिला मळमळायचं, तोंडात लोखंड चघळल्यासारखं व्हायचं. म्हणून आई सकाळी गोळीबरोबर तिला निव्वळ दुधाचा चहा करून द्यायची. खलबत्त्यात आलं ठेचल्याचा आवाज यायचा, वेलदोड्याचा वास आंगणापर्यंत जायचा, आणि आई स्वतः कपबशी घेऊन तिच्यासमोर बसायची. दुसरी गोळी दुपारी जेवणावर, आणि तिच्यामागे पुन्हा चहा. त्या वेळी आईही स्वतःसाठी अर्धा कप ओतून घ्यायची. दोघी चुलीपाशी बसायच्या. आई तिला माहेरचं विचारायची, स्वतःच्या लहानपणाच्या गोष्टी सांगायची. त्यातल्या निम्म्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. चटईवर पडायचं आई विसरूनच गेली. मी मधल्या घरात पुस्तक उघडून बसायची आणि बशीचा प्रत्येक आवाज मोजत राहायची. जळायची हो मी, अगदी अंगाची लाही व्हायची. आज साठी ओलांडल्यावरही मला त्याची लाज वाटत नाही. ज्याची आई गेली त्याला विचारा, असली तर कशी असते.

पुढचा कॅम्प आला तेव्हा शाळेतल्या मोठ्या पोरींचंही रक्त पाहायचं ठरलं. माझा नंबर आला. कॅम्पातल्या मॅडम पाणी टाकताहेत, टाकताहेत, आणि नळीतला रंग काही उतरायला तयार नाही. मैत्रिणी भोवती गोळा झाल्या. साडेबारा निघालं. मॅडम म्हणाल्या, शाबास, तुझ्या आईला सांग. मी छाती काढून आईकडे पाहिलं. ती पलीकडे वहिनीला घेऊन रांगेत उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, कारण तेव्हाच वहिनीची नळी पाहिली जात होती. दोन महिने लाडू, खजूर, गोळ्या आणि तो दुधाचा चहा. आणि पुन्हा आठच.

डॉक्टर तरुण होते, शहरातले, घाईत. त्यांनी सगळ्या रांगेसमोर आईला विचारलं, सुनेला खायला देता की नाही? ते म्हणाले, पुढच्या वेळी रक्त वाढलेलं दिसलं नाही तर हिचं बाळंतपण गावात करायचं नाही, वर्ध्याला न्यायचं, वरून रक्त द्यावं लागेल. बाळंतपणात थोडं जास्त गेलं तर हिच्या अंगात आहे काय गमवायला? रांगेत कुणीतरी पुटपुटलं, पोरीचं रक्त पाह्य अन् सुनेचं पाह्य. ते आईनं ऐकलं, मीही ऐकलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की दुकानवाल्याच्या घरी सुनेच्या तोंडचं लेकीला चारतात. नाचणगावला कुणी कळवलं कोण जाणे, वहिनीच्या वडिलांचा निरोप आला की जमत नसेल तर पोरगी घेऊन जातो. दादा जेवता जेवता ताटावरून उठला. वहिनी कोपऱ्यात बसून पोटावर हात ठेवून होती. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, की ही खरंच मेली तर?

पण भीतीला जागा मिळाली नाही, कारण आईनं मला बोलावलं. लाडवांचा डबा पुढ्यात होता, अर्ध्याहून जास्त रिकामा. "शालू, खरं सांग. लाडू तू खाल्ले?"

मी नाही म्हटलं. आईनं मारलं असतं तर चाललं असतं. ती उठली, डबा उचलला आणि माझा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर, पितळी भांड्यांमागे ठेवून दिला. माझ्याच घरात माझ्यापासून डबा लपवला. त्या घरात गुळाचा पहिला खडा माझा होता, आणि आता मी चोर झाले होते. मी दोन दिवस आईशी बोलले नाही. ती बोलतेय का याकडे मात्र कान लावून होते. तीही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या नर्सबाई घरी आल्या. सावळ्या, ठेंगण्या, आवाज मोठा. डॉक्टरांनी त्यांना पाठवलं होतं, घरी काय चाललंय ते पाहून या म्हणून. आईनं त्यांना चहा दिला. त्यांनी वहिनीचे डोळे खाली ओढून पाहिले, नखं पाहिली, आणि आईला विचारलं, दिवसभरात ही काय काय खाते. आई म्हणाली, सगळं देतो. सगळं म्हणजे काय, त्यांनी विचारलं, तर आईला सांगता येईना. लाडू देतो, भाजी देतो, एवढंच ती म्हणत राहिली. वहिनीला विचारलं तर ती खाली मान घालून म्हणाली, खातो ना. मग आईनं माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "आम्ही तर देतो बाई. पण घरात आणखी एक तोंड आहे ना."

झालं. माझं डोकं फिरलं. मी मधल्या घरातून बाहेर आले आणि जे सुरू केलं ते थांबेचना. सकाळी उठल्यावर वहिनीने काय खाल्लं, नऊला कोणता लाडू, दुपारी ताटात भाजी किती, चटणीवर तेल किती, खजूर कोणत्या वाटीत, रात्री दूध कोणत्या पेल्यात. आज काय, काल काय, परवा काय. डब्यातले लाडू तिनेच खाल्ले, मी एक शिवला नाही, मी फक्त पाहिलं. कोणत्या दिवशी तिला भाकरी नको झाली आणि तिने ताट सारलं, तेही सांगितलं. आई तोंडाला पदर लावून ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, "अन् तिची गोळी बी साधी नाई. सकाळची दुधाच्या चहासंग, दुपारची बी चहासंग. निव्वळ दुधाचा, वेलदोडा घालून. मले एक घोट भेटत नाई, मी काळी होईन म्हणून."

नर्सबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. "थांब पोरी. गोळी कशासंग घेते?"

मी पुन्हा सांगितलं. त्या आईकडे वळल्या आणि म्हणाल्या, "घ्या. चहा पोटात त्या गोळीतलं लोह धरून ठेवते, रक्तात जाऊच देत नाई. दूध बी तसंच करते. तुमचं सगळं प्रेम वाया चाललं बाई. गोळीच्या मागंपुढं दोन-दोन घंटे चहा नको, दूध नको. लिंबाच्या पाण्यासंग द्या. जेवणात काही आंबट द्या." मग वहिनीकडे पाहून त्यांनी विचारलं, कॅम्पात गोळ्या देताना तुले कोणी सांगतलं नोतं का? वहिनीनं पदर पुढे ओढला. आईच म्हणाली, आम्हाले कोण सांगते. नर्सबाई मग मला विचारायला लागल्या, तू काय खातेस. मी अंबाडी सांगितली, बोरं सांगितली, आवळे सांगितले, तशा त्या मोठ्यानं हसल्या. जाताना म्हणाल्या, सुनेच्या ताटावर इतकी नजर ठेवणारी नणंद मी पाह्यली नाई, पण हिच्या नजरेनंच काम झालं. आता गोळी हीच देईल.

आईनं माझी माफी मागितली नाही. आमच्या पिढीच्या आयांना ते येत नसे. तिनं फळीवरचा डबा उतरवला, झाकण काढून माझ्यासमोर ठेवला आणि चुलीकडे निघून गेली. मी एक लाडू घेतला. उगाच मोठेपणा कशाला.

चहा बंद झाला. वहिनीचा तर झालाच, आईनंही दुपारचा अर्धा कप सोडून दिला. आपल्या हातानं आपण सुनेचं नुकसान केलं, हे तिच्या मनाला लागलं होतं. आता दुपारी ती पुन्हा चटईवर पडायची. मला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं. मी तिच्या पाठीला पाठ लावून पडले, तर ती जागीच होती, छताकडे पाहत. एका दुपारी मी लिंबाचं पाणी घेऊन आंगणात गेले, तर वहिनी न्हाणीच्या भिंतीआड बसून रडत होती. मला वाटलं, चहाची सवय सुटत नसेल. मी जरा खोचूनच म्हटलं, एका कपासाठी एवढं काय रडता.

ती डोळे पुसून म्हणाली, "शालूबाई, मले माहीत होतं. कॅम्पातल्या मॅडमनं गोळ्या देतानाच सांगतलं होतं, चहासंग घेऊ नको."

मी पेला तिच्या हातात दिला. तर मग बोलल्या काऊन नाई, मी विचारलं.

"कशी बोलू? काकूच्या घरी सगळ्यांचा चहा मी करत होती. माह्यासाठी चहा करून, माह्यासमोर कोणी बसलं नाई कधी. तुमची आई बसे. मी नाई म्हटलं असतं तर ती उठून गेली असती." मग जरा थांबून ती म्हणाली, "मले वाटलं, थोडं कमी राह्यलं रक्त तर राह्यलं. लोकायच्या बाया तशाच बाळंत होतात. आता भेव वाटते. तुम्ही सांगू नका मामीले."

केवढी मोठी गोष्ट माझ्या हातात आली होती पाहा. आत जाऊन आईला एवढंच सांगायचं होतं, की तुझ्या लाडक्या सुनेला सगळं ठाऊक होतं आणि तिनं तुला गावासमोर मान खाली घालायला लावली. आईनं तिच्याकडे पुन्हा तसं पाहिलं नसतं. मी दारापर्यंत गेलेसुद्धा. आणि नाही सांगितलं. कुणी म्हणेल, पोरगी शहाणी झाली. शहाणी बिहाणी काही नाही. आईनं मला चोर ठरवलं होतं, तर घडलेलं सगळं आपल्याच हातून घडलं असं तिला आणखी थोडे दिवस वाटू दे, असा माझा हिशेब होता. शिवाय वहिनी रडत होती ती माझ्याच आईसाठी, हे मला कळलं होतं. माझ्या आईसाठी दुसरं कुणी रडावं, याचाही मला रागच आला.

पुढच्या कॅम्पला वहिनीच्या नळीत पाणी पडत राहिलं, पडत राहिलं. दहाच्या वर गेलं. बाबांनी दुकानात येईल त्याला गुळाचा खडा दिला. माझ्या साडेबाराला असं कुणी काही वाटलं नव्हतं, ते मी त्यांना ऐकवलंही. बाळंतपण गावातच, उपकेंद्रात करायला हरकत नाही असं ठरलं, तरी नर्सबाईंनी गाडी सांगून ठेवली होती. रक्त कमी पडलं तर लगेच वर्ध्याला न्यायचं.

वहिनीला कळा सुरू झाल्या त्या दिवशी सकाळीच उपकेंद्रात नेलं. दादा आणि बाबा बाहेर पिंपळाखाली. आतल्या खोलीत नर्सबाई आणि एक दाई. पहिलटकरणीला वेळ लागतो म्हणून आईला बाहेरच्या बाकावर बसवलेलं. मी आतल्या दाराच्या चौकटीत, गरम पाण्याचं भगुणं धरून उभी, कारण त्यांनी मला तिथेच उभं राहायला सांगितलं होतं. बराच वेळ आतून नुसतं कण्हणं येत होतं. ती ओरडतही हळू होती, बोलायची तशी. मग नर्सबाईंचा आवाज चढला, दाई धावली, आणि वहिनी पहिल्यांदा मोठ्यानं ओरडली. "आई वो..."

सगळ्याच बाया तसं ओरडतात. पुढे मीही ओरडले. पण मला तेव्हा लख्ख कळलं, की हिनं हाक मारलेली बाई जगातच नाही, हिच्या हाकेला कुणी ओ देणार नाही. आणि तेवढ्यात मागे बाक कुरकुरला. माझी आई उठली होती. मी शाळेतून आल्यावर दारातून हाक मारायची तेव्हा ती जशी ओ द्यायची, अगदी तशीच, त्याच आवाजात ती म्हणाली, "आली वो माय, आली."

तो आवाज माझा होता. इतकी वर्षं तो फक्त माझा होता. मला तो कुणाला वाटून द्यायचा नव्हता, आणि आजही द्यायचा नाही. आई नाही आता, तरी द्यायचा नाही. दार अरुंद होतं आणि चौकटीत मी उभी होते. मी भगुणं छातीशी धरलं, भिंतीला चिकटले, आणि आईला आत जाऊ दिलं.